नवव्या दिवशीचा सिनेमा

आमच्याकडं पाणी नवव्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला.
नळ आधी खोकतो, मग गढूळ थुंकतो,
मग कुठं बोटाएवढी धार.
डोळा लागू नये म्हणून टीव्ही लावून बसते, आवाज बारीक;
पोराला सकाळी सहाला स्टीलच्या कारखान्यात जायचं असतं.

असाच एकदा रिमोट मांडीखाली दबला
आणि आकडे पळत पळत कुठल्या कुठं जाऊन थांबले,
भविष्यवाल्या बाबाच्याही पुढं,
गुडघ्याच्या तेलाच्याही पलीकडं,
जिथं कुणी जात नाही.
तिथं एक बाई टेलिफोनच्या खोलीत बसलेली.
दोन्ही हातांत वायरी,
ह्या गावाचं बोलणं त्या गावाला जोडत होती.
चित्रावर उभे ओरखडे,
मांजरानं दार खरवडल्यासारखे.

हंडा भरला. उठले.
परत आले तर तिचं रडून झालेलं.
कशासाठी, ते हंड्यानं खाल्लं.

तेव्हापासून माझं माप असं:
एक हंडा म्हणजे एक प्रसंग,
ड्रम म्हणजे एक गाणं आणि वर थोडं भांडण.
त्या आकड्यावर असे कितीतरी सिनेमे निघाले.
एक मुका वैद्य.
सर्कशीतल्या जुळ्या बहिणी.
बोटीवरचा एक खून, ज्याचं शेवटचं रीळ
उंदरांनीच नेलं असावं,
कारण फौजदारानं तोंड उघडलं
आणि तेलाची जाहिरात लागली ती लागलीच.
पण मी वाट बघायची टेलिफोनवालीची.
दोन-तीन महिन्यांनी ती यायची, वाटेल त्या वेळी,
आणि नेमकी स्टेशनावर पोचली की आमची लाइट जायची.

बदरुन्निसा नदीपलीकडं राहते, जुन्या जालन्यात.
तिची लाइन वेगळी, तिचा पाण्याचा दिवस वेगळा.
बियाण्याच्या कंपनीत आम्ही एका टेबलाला,
कपाशीचं बी निवडतो,
फुटकं इकडं, पोचट तिकडं.
आणि बी निवडता निवडता
तिच्याकडचे तुकडे माझ्या तुकड्यांना लावतो.

"अगे, वो उतरती ना गाडीमेसे!"
"कशाला?"
"छत्री वास्ते. बाकड्यापर भूलती.
गाडी हलती, वो कूदती.
छत्री का तो बहाना गे."

बदरुन्निसा परभणीची.
लग्न होऊन आली ती काचीगुड्याच्या गाडीनं.
सेलूला उतरून जावं वाटलं होतं,
असं एकदा डबा खाताना म्हणाली,
आणि लोणचं पुढं सरकवलं.

मग पैठणकडची पाइपलाइन फुटली.
बारावा दिवस उजाडला तरी नळ कोरडा.
सवयीनं अडीचला जाग आली, टीव्ही लावला,
आणि ती होती. अगदी पाटीपासून.
नाव पहिल्यांदा दिसलं; साधंच होतं,
सकाळपर्यंत विसरले.
लाइट गेली नाही. हंडा हाक मारीना.
अख्खा सिनेमा मांडी न मोडता पाहिला,
ती का रडली तेही कळलं,
एवढं काही नव्हतं.

स्टेशन आलं.
बाकडं होतं. छत्री नव्हती.
ऊन होतं तिथं, आपल्याकडच्यासारखं, डोळे मिटायला लावणारं.
गाडी सुटली.
ती आत बसून राहिली, समोर बघत,
आणि तिच्या तोंडावरच समाप्त लिहून आलं.

बराच वेळ मी रिकाम्या बादलीशेजारी बसले.

सकाळी टेबलाला बदरुन्निसा आधीच आलेली.
"रातकू थी ना वो? देखी क्या?"
"बघत होते की," म्हटलं,
"स्टेशन आलं आन् मेली लाइट गेली.
तूच सांग पुढचं."

तिनं मुठीतलं बी टेबलावर ठेवलं,
ओढणीला हात पुसले,
आणि चालत्या गाडीतून उतरली.